केबल स्कॉटचा कोण लागतो? सुपरहिरो कॉमिक्समधली नाती लावायची रीत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची खानापूरहून बेळगावला आमच्याकडे राहायला आली. नववीत आहे. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या कपाटातला एक्स-मेनचा एक जाडजूड खंड काढला आणि तासाभरानं, मी चकलीचं पीठ मळत असताना, पानात बोट अडकवून स्वयंपाकघरात आली. "मामा, हा पांढऱ्या केसांचा माणूस ह्या चष्मेवाल्याला बाप म्हणतोय. चष्मेवाला तर पंचविशीतला दिसतोय की. छापताना चुकलंय काय?"

छापताना काही चुकलं नव्हतं. पांढऱ्या केसांचा तो केबल आणि चष्मेवाला तो स्कॉट समर्स, म्हणजे सायक्लॉप्स. केबल स्कॉटचाच मुलगा आहे. पण हे एका वाक्यात सांगून समजत नाही. हात धुऊन मी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान काढलं, कोरी बाजू वर केली आणि आम्ही दोघं समर्सांचं घराणं मांडायला बसलो. ते पान भरायला पाच दिवस लागले. तेव्हा जी रीत बसली ती इथं लिहितोय. या कॉमिक्समध्ये शिरताना नात्यांच्या गुंत्याला घाबरून पुस्तक खाली ठेवणारे मी बरेच पाहिलेत, आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण गोष्टींचा खरा जीव त्या नात्यांतच आहे.

आपल्याला हे आधीच येतं

आमच्या आजीला शहापूर-वडगावातल्या कुठल्याही लग्नाच्या मांडवात बसवलं की ती येणाऱ्या प्रत्येक बाईला तीन प्रश्न विचारायची. कुठली गं तू? कुणाची? आणि समोरची म्हणाली की "आम्ही तुमच्या भाऊबंदातलेच", तर तिसरा: असं कोण म्हणतं? तीन उत्तरं मिळाली की आजी नातं लावून मोकळी. आणि ते एकेरी नसायचं. "म्हणजे तू आमच्या शेवंताची नणंद, आणि माहेरकडनं माझी भाचसून."

सीमाभागात आपल्याला अशा दुहेरी नात्यांची सवय आहे. मामाच्या मुलीशी लग्न इथं नवं नाही. माझ्या आईला तिच्या सख्ख्या मामाच्याच घरी दिली, त्यामुळं माझे आजोबा तिचे मामा आणि सासरे दोन्ही. ती शेवटपर्यंत त्यांना मामाच म्हणाली. शेजारच्या कानडी घरात तर शब्दच एक आहे: माव म्हणजे मामा आणि सासराही, अत्ते म्हणजे आत्या आणि सासूही. एका माणसाला दोन नाती असू शकतात, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला समर्सांचं घराणं जमणार नाही असं होत नाही. आजीचे तीन प्रश्न आणि आपले मराठी नातेशब्द, एवढ्या शिदोरीवर काम होतं.

आधी एक घराणं धरा

मार्व्हल आणि डीसी या कॉमिक्स काढणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या. सगळं मार्व्हल किंवा सगळं डीसी एकदम समजून घ्यायला जाऊ नका. सुपरमॅन १९३८ साली आला, बॅटमॅन १९३९ साली, एक्स-मेन १९६३ साली. तेव्हापासून या गोष्टी चालूच आहेत आणि त्या कुणा एका लेखकाच्या नाहीत. जुन्या वाड्याला जसं प्रत्येक पिढी काहीतरी जोडते, एकानं माडी चढवली, दुसऱ्यानं मागं पडवी काढली, तसं प्रत्येक नव्या लेखकानं कुणाला हरवलेला भाऊ दिला, कुणाला भविष्यातली मुलगी दिली. पहिल्या गवंड्याच्या डोक्यात हा आराखडा नव्हताच.

याच्या उलट उदाहरण आपल्याच आठवणीत आहे. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं, मराठीतूनही निघायचं, आणि त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आमच्या वडिलांच्या पिढीनं अधाशासारखा वाचला. ली फॉकनं १९३६ साली उभा केलेला हा वेताळ आपल्या घराण्यातला एकविसावा. बापामागून मुलगा, त्यामागून त्याचा मुलगा, प्रत्येकजण तीच शपथ घेतो, तोच मुखवटा चढवतो. वंशावळ उसासारखी सरळ, पेरामागून पेर. नवख्यानं हाताला वळण लागावं म्हणून आधी वेताळाची वंशावळ काढली तरी चालेल, दहा मिनिटांचं काम आहे. मग समर्सांकडे या. तिथं उसाचं पेर नाही, वडाच्या पारंब्या आहेत, आणि कुठली पारंबी कधी खोड होऊन बसली ते तारखा पाहिल्याशिवाय कळत नाही.

कागद, पेन्सिल आणि चार तऱ्हेच्या रेघा

पेन्सिलच घ्या, कारण दुरुस्त्या होणार. रक्ताच्या नात्याला सरळ रेघ. लग्नाला दुहेरी रेघ. दत्तकाला नागमोडी रेघ. आणि एखाद्याच्या शरीराची नक्कल काढून दुसरं माणूस घडवलं असेल, ज्याला क्लोन म्हणतात, तर तुटक रेघ. प्रत्येक नावाखाली एक साल लिहा: ती व्यक्ती पहिल्यांदा कधी छापून आली ते. तिचं गोष्टीतलं वय लिहू नका. गोष्टीतली वयं विश्वासाची नाहीत. फँटॅस्टिक फोरमधला फ्रँकलिन रिचर्ड्स १९६८ साली जन्मला आणि त्यानंतर अनेक दशकं मूलच राहिला. छापल्याचं साल मात्र बदलत नाही.

आणखी एक नियम मी आमच्या शेताच्या कागदांवरून शिकलो. आजोबा वारल्यावर वडिलांनी उचगावच्या जमिनीचा वारसा करायला घेतला, तेव्हा वंशवृक्ष लिहून द्यावा लागला. त्या निमित्तानं जुना उतारा पाहिला. त्यात मेलेल्या माणसाचं नाव खोडलेलं नव्हतं, कंसात घातलेलं होतं. नवं नाव खाली, जुनं कंसात, दोन्ही वाचता येतात. तुमच्या कागदावरही कुठलीच जुनी नोंद रबरानं पुसू नका. कंसात घाला, पुढं नव्या नोंदीचं साल टाका. पेन्सिल आहे ती रेघ वळवायला आणि फांदी सरकवायला. का, ते पुढं येणाऱ्या वांडाच्या गोष्टीत कळेल.

त्याच वंशवृक्षात आमच्याकडून एक चूकही झाली होती. आजोबांचे एक भाऊ लहानपणी मावशीकडे दत्तक गेलेले. आम्ही त्यांना आमच्याच फांदीवर लिहिलं, आणि कागद दुरुस्तीला परत आला. दत्तक गेलेलं मूल कायद्यानं ज्या घरी गेलं त्या घरचं. तेव्हापासून दत्तकाची नागमोडी रेघ मी फार जपून ओढतो.

कुठली? म्हणजे कुठल्या पृथ्वीवरली

आजीचा पहिला प्रश्न. या कॉमिक्समध्ये गाव म्हणजे पृथ्वी. डीसीनं १९६१ च्या सप्टेंबरमध्ये फ्लॅशच्या १२३ व्या अंकात दाखवलं की चाळीसच्या दशकातला जुना फ्लॅश दुसऱ्या एका पृथ्वीवर राहतो, आणि तिथून हे दार उघडलं. पुढं पृथ्व्या इतक्या झाल्या की १९८५-८६ साली बारा अंकांची एक मोठी मालिका काढून त्या सगळ्या गुंडाळून एक कराव्या लागल्या. नंतर त्या पुन्हा फुटल्या. मार्व्हलची मुख्य पृथ्वी ६१६ क्रमांकाची.

कागदाच्या मधोमध मुख्य पृथ्वीचं घराणं काढा आणि बाहेरगावच्यांना कडेला चौकटीत बसवा, चौकटीवर पृथ्वीचा क्रमांक. एकाच नावाचा माणूस दोन पृथ्व्यांवर असेल तर दोन नोंदी करा, एकीत दुसरी मिसळू नका. एका गल्लीत दोन महादेव पाटील असले तर आपण त्यांना एक धरत नाही. कुणाचा मुलगा, कुठल्या बोळातला, हे विचारूनच पत्रिका देतो.

कुणाची? समर्सांचं घराणं मांडू

आता खरं काम. सावकाश वाचा, आणि कागद जवळ असेल तर सोबत रेघा ओढा.

क्रिस्टोफर आणि कॅथरीन समर्स, नवराबायको. क्रिस्टोफर अमेरिकेच्या हवाई दलात वैमानिक. त्यांची दोन मुलं, स्कॉट (१९६३) आणि अ‍ॅलेक्स (१९६९). अलास्कावरून विमानानं घरी येत असताना शिआर नावाच्या परग्रहवाल्यांच्या यानानं त्यांच्यावर हल्ला केला. हवाई छत्री एकच होती. कॅथरीननं दोन्ही पोरांना तिला बांधलं आणि पेटत्या विमानातून बाहेर ढकललं. मुलं वाचली, अनाथाश्रमात गेली, अ‍ॅलेक्सला एका घरानं नेलं, स्कॉट मागं राहिला. स्कॉटच्या कुठल्याही गोष्टीत तो माणूस इतका ताठ का, इतका जबाबदारीनं वाकलेला का, याचं उत्तर या एका छत्रीत आहे. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आईबाप त्या दिवशी मेले असं मुलांना वाटलं. पण बाप मेला नव्हता. तो अंतराळात लुटारूंचा म्होरक्या झाला, नाव कॉर्सेर, आणि १९७७ साली वाचकांसमोर आला. स्कॉटला मात्र तो आपला बाप आहे हे १९८२ साली कळलं. कागदावर क्रिस्टोफरच्या खाली म्हणून दोन नावं आणि दोन सालं येतात.

आईला शिआरांच्या सम्राटानं, डिकेननं, मारलं. तेव्हा तिच्या पोटात तिसरं मूल होतं. १९९३ साली एका अंकात मिस्टर सिनिस्टर हा खलनायक स्कॉटशी बोलताना भाऊ हा शब्द अनेकवचनी वापरून गेला, आणि वाचक बारा वर्षं विचारत राहिले, तिसरा कोण? उत्तर २००५-०६ साली आलं: गेब्रिअल, म्हणजे व्हल्कन, त्या मेलेल्या आईच्या पोटातून काढलेला. तिघे सख्खे भाऊ. पण तिसऱ्याची नोंद पहिल्यानंतर बेचाळीस वर्षांनी झाली.

इथपर्यंत सोपं आहे. आता स्कॉटची लग्नं.

स्कॉटचं पहिलं प्रेम जीन ग्रे. १९७६ पासून ती फिनिक्स म्हणून वावरली आणि १९८० साली एक्स-मेनच्या १३७ व्या अंकात चंद्रावर तिनं स्वतःला संपवलं. स्कॉट खचला. आजी-आजोबांकडे अलास्काला गेला. आजोबांची माल वाहून नेणारी विमानं होती, आणि त्यांच्याकडे मॅडलिन प्रायर नावाची वैमानिक कामाला होती, हुबेहूब जीनसारखी दिसणारी. १९८३ साली दोघांचं लग्न झालं. १९८६ च्या जानेवारीच्या अंकात मुलगा आला, नेथन.

त्याच सुमाराला कळलं की जीन जिवंत आहे. चंद्रावर जी मेली ती जीन नव्हतीच, जीनचं रूप घेतलेली फिनिक्स शक्ती होती. खरी जीन न्यूयॉर्कच्या जमैका बे नावाच्या खाडीच्या तळाशी एका कोशात पडून होती. स्कॉट बायको आणि तान्हं मूल सोडून तिच्याकडे गेला. हे मी त्याला कधी माफ केलं नाही, आणि कागदावर मॅडलिनची दुहेरी रेघ मी जाणूनबुजून जाड काढतो.

मग १९८९ च्या सुमाराला उलगडा झाला: मॅडलिन ही जीनचीच क्लोन. सिनिस्टरनं घडवलेली, स्कॉटच्या घराण्याला जीनच्या रक्ताचं मूल व्हावं म्हणून. म्हणजे मॅडलिनच्या वर आईबापाची फांदी नाही. जीनकडून तिच्याकडे एक तुटक रेघ, बस्स.

ती जीनची कोण? इंग्रजीत यावर वाचक वाद घालत बसतात. आपल्याकडे शब्द आहे: उशिरा जन्मलेली जुळी बहीण. आणि नेथनची जीन कोण? मावशी, आणि १९९४ साली स्कॉट-जीनचं लग्न झाल्यावर सावत्र आई. हे आपल्याला परकं नाही. बाळंतपणात बायको गेली तर तिच्या पाठच्या बहिणीला त्याच घरात द्यायची रीत आपल्याकडे होती आणि मुलांची मावशीच आई व्हायची. फरक एवढाच की जुळी असल्यामुळं रक्ताच्या हिशेबात जीन आणि मॅडलिन यांत काही अंतरच नाही. जीन नेथनची रक्तानं आई, कागदानं सावत्र आई, नात्यानं मावशी. तिन्ही लिहा. एक खरं आणि दोन खोटी असं नाही.

आता पांढऱ्या केसांकडे. १९९१ साली अपॉकॅलिप्स या खलनायकानं तान्ह्या नेथनच्या अंगात एक जंतू सोडला, शरीर हळूहळू यंत्र करून टाकणारा. इथं उपाय नव्हता. दूरच्या भविष्यातून आलेल्या अस्कानी पंथाच्या बाईनं सांगितलं, मी नेते, तिकडं वाचेल, पण परत येणार नाही. स्कॉटनं मूल तिच्या हवाली केलं. नेथन तिकडं वाढला, लढला, म्हातारा झाला आणि मागं आला. बापाच्या काळात येऊन उभा राहिला तेव्हा तो बापापेक्षा मोठा होता. तोच केबल. यातली वाचकाला चकवणारी गोष्ट अशी की केबल छापून आला १९९० च्या मार्चमध्ये, नेथनला भविष्यात पाठवण्याच्या आधी, आणि त्या अंकात बापाचं नावही नाही. तो कुणाचा हे लेखकांनी मागाहून ठरवलं. म्हणूनच म्हणतो, सालं लिहा. गोष्टीचा क्रम आणि छापण्याचा क्रम हे दोन वेगळे आहेत, आणि नवखा अडखळतो तो बहुतेक वेळा याच जागी.

आता कडेच्या चौकटी. रेचल (१९८१): पृथ्वी-८११ वरची, तिथल्या स्कॉट आणि जीनची मुलगी, जिथं पुढचं सगळं वाईट घडून गेलंय. ती या पृथ्वीवर येऊन राहिली. म्हणजे नेथनची ती बापाकडून बहीण. सावत्र म्हणावं, तर आया जुळ्या, म्हणजे रक्तानं सख्खीच. पुढं ती दूरच्या भविष्यात गेली, तिथं म्हातारी झाली, आणि जो अस्कानी पंथ नेथनला घेऊन गेला तो स्थापन करणारी तीच. स्कॉट आणि जीन लग्नानंतर फिरायला गेले असताना तिनंच त्यांची मनं भविष्यात ओढून घेतली आणि त्या दोघांनी बारा वर्षं नेथनला वाढवलं, वेगळ्या नावांनी, वेगळ्या शरीरांत. बहिणीनं भावाला वाचवलं आणि त्याचे आईबाप त्याच्याकडे आणून पोचवले. या घराण्यातलं मला सगळ्यात आवडणारं नातं हेच. भाऊबीजेला ज्याला बहिणीकडे जायची ओढ आहे, त्याला रेचल समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी चौकट नेट ग्रे (१९९५), पृथ्वी-२९५ चा. तिथल्या सिनिस्टरनं स्कॉट आणि जीन यांच्या पेशींतून घडवलेला. म्हणजे तिथला नेथनच, पण कुशीतून न जन्मलेला.

मुख्य फांदीवर आणखी दोघे. स्ट्राइफ, नेथन जगणार नाही या भीतीनं अस्कानींनी काढलेली त्याची नक्कल, जी अपॉकॅलिप्सनं पळवून वाढवली. आणि होप, २००७ साली आलेली मुलगी, केबलनं भविष्यात नेऊन पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. तिला नागमोडी रेघ. तिच्या नात्यानं स्कॉट आजोबा झाला, आणि कागदावर तो अजून पंचविशीतलाच दिसतो.

कोण म्हणतं? वांडाचे बाप

आजीचा तिसरा प्रश्न लागतो तो वांडा आणि पिएत्रो या जुळ्यांसाठी. म्हणजे स्कार्लेट विच आणि क्विकसिल्व्हर. १९६४ च्या मार्चमध्ये ती दोघं मॅग्नेटो या एक्स-मेनच्या वैऱ्याच्या टोळीत आली तेव्हा तो त्यांचा नुसता मालक होता. १९७४ साली व्हिझर नावाचा जुना नायक त्यांचा बाप असल्याचं सांगितलं गेलं. १९७९ साली ते खोटं ठरलं आणि कळलं की जँगो मॅक्सिमॉफनं त्यांना फक्त वाढवलं होतं. १९८२-८३ च्या मालिकेत मॅग्नेटोच जन्मदाता निघाला, आणि तीस वर्षं वाचक तेच धरून चालले. मग २०१४ साली वांडानं आपल्या रक्ताच्या माणसांवर एक मंत्र टाकला. पिएत्रोला लागला, मॅग्नेटोला लागला नाही. म्हणजे तोही बाप नव्हे. २०१६ साली तिच्या स्वतःच्या मालिकेत आई नतालिया मॅक्सिमॉफ असल्याचं आलं.

जुनी गोष्ट मागाहून नव्यानं सांगून बदलणं, याला कॉमिक्सवाले रेटकॉन म्हणतात. नवखा चिडतो आणि शेवटची नोंद ठेवून बाकी पुसून टाकतो. ती चूक करू नका. १९९० च्या दशकातला कुठलाही अंक उघडाल तर त्यात वांडा मॅग्नेटोची मुलगी म्हणूनच बोलते, रडते, त्याच्याशी भांडते. तुमच्या कागदावर मॅग्नेटो कंसात असेल, तर तो अंक समजेल. पुसला असेल, तर नाही. वाचताना विचारा: या अंकाच्या तारखेला कुठली नोंद चालू होती?

काही रेटकॉन तर चुकीतून सुरू झालेत. १९६५ साली डीसीच्या लेखकानं टीन टायटन्सच्या टोळीत वंडर गर्लला घेतलं. पण ती वंडर वुमनच होती, तिच्या लहानपणच्या गोष्टींतली. एकच बाई दोन वयांत एकाच वेळी वावरू लागली. ते सावरायला १९६९ साली मार्व्ह वुल्फमननं तिला वेगळी मुलगी केलं, आगीतून वाचवलेली अनाथ, नाव डोना ट्रॉय. त्यानंतर तिचा जन्म इतक्या वेळा नव्यानं सांगितला गेलाय की तिच्यासाठी मी वेगळं पानच ठेवलंय.

कझिन आणि अंकल कागदावर येऊ देऊ नका

इंग्रजी पुस्तकात कझिन लिहिलेलं असेल तर तसंच उतरवू नका, शोधा. सुपरगर्ल सुपरमॅनची कोण? तिचा बाप झोर-एल हा त्याच्या बापाचा भाऊ, म्हणजे चुलत बहीण. आडनावाच्या जागी दोघांकडे एल का, हे तिथंच सुटतं. फ्लॅशमध्ये वॉली वेस्ट (१९५९) बॅरी अ‍ॅलनला अंकल म्हणतो. बॅरीची बायको आयरिस ही वॉलीच्या बापाची बहीण. म्हणजे आयरिस आत्या, आणि आत्याचे यजमान आपल्याकडे मामा. बॅरीमामा म्हणून वाचून बघा, त्या दोघांतली माया वेगळी लागते. आणि आयरिस स्वतः भविष्यात जन्मून वेस्टांच्या घरी वाढलेली, म्हणजे तिथं नागमोडी रेघ आलीच.

बॅटमॅनचं घर यापुढं हलकं आहे. डिक ग्रेसन (१९४०) आधी नुसता सांभाळलेला मुलगा, कायद्यानं दत्तक फार उशिरा झाला. जेसन टॉडला १९८८ साली वाचकांनी फोनवर मतं देऊन मारलं, ५,३४३ विरुद्ध ५,२७१, नुसती ७२ मतं, आणि २००५ साली तो परत आला. टिम ड्रेक (१९८९) पुढं दत्तक. पोटचा मुलगा डेमियन सगळ्यात शेवटी, २००६ साली, आणि त्याच्या आईचा बाप म्हणजे बॅटमॅनचा कट्टर वैरी रास अल गूल. म्हणजे डेमियनचे आजोबा आईकडून. या एका सोयरिकीसाठी डेमियनच्या गोष्टी वाचाव्यात.

कुठं थांबायचं

एक पान भरलं की थांबा आणि वाचायला लागा. समर्सांसाठी मी हा क्रम देईन: आधी १९८० चा जीनच्या मरणाचा खंड, मग १९८१ ची भविष्यातल्या रेचलची दोन अंकी गोष्ट, मग मॅडलिनच्या लग्नापासून तिच्या शेवटापर्यंतचे अंक, आणि मगच केबल. मधे नवं नाव भेटलं तर आधी तीन प्रश्न, मग रेघ. उत्तर सापडलं नाही तर नाव कडेला नुसतं टांगून ठेवा, पाचपन्नास पानांत तेच जागेवर येतं.

भाची जाताना ते कॅलेंडरचं पान घडी घालून घेऊन गेली. पुढच्या रविवारी तिचा फोन आला. मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"मामा, स्ट्राइफला केबलचा भाऊ लिहू की केबलच लिहू?"

"भाऊ लिही. तुटक रेघेनं. खाली साल टाक, १९९०."

"आणि रेचलची मग तो कोण?"

"तूच सांग की."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज आला.